धोंडप्पाचा अंगठा

धोंडप्पा दलाल खोटं बोलला असं मला कुणी येऊन सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला तहसीलच्या लिंबाखाली उभा करून चांगला झाडला असता. चाकूरच्या रजिस्ट्री ऑफिससमोर मी तीस वर्षं बसतो. स्टॅम्प विकतो, दस्त लिहितो, अलीकडं कॉम्प्युटर घेऊन ऑनलाइन फॉर्मही भरतो. या तीस वर्षांत मी लोकांना मेलेला भाऊ जिवंत करताना पाहिलंय आणि जिवंत बहीण कागदावर मारताना पाहिलंय. ईमान नावाची चीज मला जास्त करून शाईच्या डबीतच दिसली. पण धोंडप्पा? न्हाई बुवा. आणि तरी तो खोटं बोलला, तेही माझ्यासमोर, माझ्याच टपरीत बसून. कामून बोलला ते सांगतो.

आधी माणूस ऐका. धोंडप्पा आणि मी झेडपीच्या शाळेत एका वर्गात. बहात्तरच्या दुष्काळात एकाच रांगेत उभं राहून सुकडी खाल्लेली. तो लिंगायताचा, मी बौद्धवाड्यातला. त्याच्या घरी माझा चहाचा कप बरीच वर्षं वेगळा असायचा, वळचणीला पालथा घातलेला. पुढं त्याची बायको आली, पार्वतीबाई. तिनं एक दिवस तो कप माझ्यासमोर अंगणातल्या दगडावर आपटला आणि म्हणाली, "फुटला बगा भावजी. आता घरातलाच घ्या." त्या दिवसापासून मी तिला वहिनी म्हणायला लागलो.

धोंडप्पाचा बाप हाळीच्या बाजारात बैलांचा दलाल होता. त्या बाजाराची एक रीत होती. बैलाचा ऐब, म्हणजे त्याची खोड, विकणाऱ्यानं चार माणसांत आधी सांगायची. मारका असेल, औताला बसत असेल, डाव्या डोळ्यानं कमी बघत असेल, जे असेल ते. सांगून विकला तर व्यवहार पक्का. लपवून विकला आणि नंतर कळलं तर बैल परत, वर त्या माणसाशी पुढं कुणी सौदा करायचं न्हाई. धोंडप्पा लहानपणापासून बापामागं बाजारात फिरला आणि ही रीत त्याच्या हाडात शिरली.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. आम्ही तेव्हा विशीतले. जिल्हा झाला तशी जमिनीला किंमत आली आणि धोंडप्पा बैलं सोडून जमिनीत उतरला. पण रीत बापाचीच ठेवली. गिऱ्हाइकाला घेऊन चारी बांधांवरून पायी फिरायचा. शेजारच्या वावरातली माणसं हाका मारून बोलवायचा. मग मधोमध उभा राहायचा, टोपी नीट करायचा आणि म्हणायचा, "आता ऐब ऐका." एकेक बोट दुमडत सांगायचा. "एक, पावसाळ्यात वढ्याचं पाणी खालच्या कोपऱ्यात शिरतंय. दोन, मालकाच्या थोरल्या बहिणीची सही राह्यलीय. तीन, बोअरला सहाशे फुटावर नुसता फुफाटा निघाला." मालक शेजारी उभा राहून दातओठ खायचा. निम्मे सौदे तिथंच मोडायचे. मी किती वेळा म्हटलं, "अरे येड्या, तुला विकायचंय का मोडायचंय?" तर म्हणायचा, "जे टिकायचं न्हाई ते मोडलेलं बरं की." आणि खरं सांगतो, त्यानं जुळवलेला एकही दस्त पुढं कोर्टात गेल्याचं मला आठवत न्हाई.

तेवीस साली पाऊस गेला. सोयाबीन गुडघ्याच्या खालीच वाळलं. चोवीसचा उन्हाळा लागायच्या आधी गल्लीत टँकर सुरू झाले. आणि त्याच दिवसांत उदगीर जिल्हा होणार ही आवई परत उठली. ती दर दोन-चार वर्षांनी उठतेच, पण या वेळी आपला चाकूर तालुका त्यात जाणार असं जो तो छातीठोक सांगायला लागला. प्यायला पाणी न्हाई आणि नांदेड रोडला मैलभर प्लॉटिंगचे फलक! फलकावर कारंजं काढलेलं. मला तर ते बघून टाळकं फिरायचं.

त्यातलं एक प्लॉटिंग आप्पासाहेबाचं. हा आप्पासाहेब पूर्वी खताचं दुकान चालवायचा. तो धोंडप्पाकडं आला आणि म्हणाला, "मामा, लोक माझ्या फलकाकडं बघत न्हाईत, धोंडप्पा काय म्हणतो ते इचारतेत. तुम्ही माझे प्लॉट दाखवा. पण माझा लेआउट रेराला, म्हणजे प्लॉटवाल्यांवरच्या सरकारी खात्याला, नोंदलेला हाय. बिनलायसनचा एजंट उभा केला तर मला दंड. तुम्ही लायसन काढा."

धोंडप्पा तणतणत माझ्याकडं आला. "साहेबराव, चाळीस वर्षं झाली मला. आता कोण मला लायसन देणार? माझ्या बापानं हाळीला कोणचं लायसन दाखवलं होतं?"

मी त्याला समजावून सांगितलं. आता कायदा आहे. प्लॉट-फ्लॅट विकणाऱ्या एजंटानं नाव नोंदवायचं. त्याआधी वीस तासांचं शिक्षण घ्यायचं, ते कॉम्प्युटरवर होतं, आणि परीक्षा पास व्हायची, शंभरात चाळीस. वाटलं आता हा चिडून निघून जाईल. पण तो बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "भर फॉर्म. घरात बसून तरी काय करू? भिंती मोजू?"

वहिनीला जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. घरात तो एकटा. दिवसभर टीव्ही चालू ठेवायचा, बघायचा न्हाई. कुणीतरी बोलतंय असं वाटतं म्हणायचा.

मी कॉम्प्युटर उघडला. फॉर्मला पॅन कार्ड लागतं, त्याच्याकडं नव्हतं. पॅन कार्डाला आधार लागतं, ते होतं. आधारचा नंबर टाकला तर मशीन म्हणतं, जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, म्हणजे सहा आकड्यांचा खुणेचा नंबर, तो दहा मिनिटांत टाका. पडद्यावर त्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे दिसत होते.

"हा नंबर तुझा न्हाई रे," मी म्हटलं. "कुणाचा?"

धोंडप्पानं चष्मा वर करून बघितलं. बराच वेळ बघितलं. "गुरूचा," म्हणाला.

गुरू म्हणजे त्याचा एकुलता एक पोरगा, गुरुपादप्पा. आजाचं नाव ठेवलेलं. आधार कार्डं निघाली तेव्हा धोंडप्पाकडं मोबाइल नव्हता, म्हणून पोरानं आपला नंबर दिला होता. आणि त्या पोराशी धोंडप्पाचं पाच वर्षं बोलणं नव्हतं.

ते कसं तुटलं तेही सांगायला पाहिजे, न्हाईतर पुढलं समजायचं न्हाई. गुरू शिकून पुण्याला कंपनीत लागला. तीस वर्षांचा झाला. औशाचं एक चांगलं स्थळ आलं. मुलीकडची आठ-दहा माणसं बैठकीला आली, मीही होतो. मुलगा पसंत, घर पसंत, दोघांची पत्रिका जमलेली. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. वहिनी आतून साखर घेऊन यायला निघाली आणि धोंडप्पा उभा राहिला. टोपी नीट केली. मी त्याचं धोतर ओढलं, खरंच ओढलं, पण तो कुठला ऐकतोय?

"आता ऐब ऐका," तो म्हणाला. "पोराला नवव्या वर्षी फिट आलत्या. दोनदा. लातूरला दाखवलं, औषध दिलं, तेव्हापासनं न्हाई. पण सांगावं लागतं."

मुलीच्या मामानं चहा संपवला, कप उलटा ठेवला आणि म्हणाला, कळवतो. कळवतो कसलं! ती गोष्ट औसा, निलंगा, उदगीर, सगळ्या सोयऱ्यांत फिरली. त्यानंतर गुरूला एक स्थळ आलं न्हाई. त्याच दिवशी पोरगं बॅग भरून निघालं. दारात उभं राहून बापाला एकच वाक्य बोललं. "अण्णा, मी काय प्लॉट आहे का?"

पुढं वहिनी फोनवर त्याच्याशी बोलायची. ती गेली तेव्हा गुरू आला, मातीला उभा राहिला, पाचव्या दिवशी गेला. बापाशी जे बोलायचं ते चुलत्यामार्फत बोलला. मध्ये तारेसारखी ती वहिनी होती, ती तुटली आणि दोन्हीकडं अंधार झाला.

तर आता पडद्यावर दहा मिनिटांतली चार मिनिटं संपलेली. मी म्हटलं, "राहू दे. पोस्टात जा, अंगठा दे, आधारला तुझा स्वतःचा नंबर जोडून घे. सोपं काम हाय." धोंडप्पानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि फोन लावला. त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून त्याचा फोन कायम स्पीकरवर. त्यामुळं मला सगळं ऐकू आलं, आणि शेजारच्या चहावाल्यालाही.

"हॅलो, कोण?"

"मी. धोंडप्पा बोलतोय. चाकूरहून."

पोटच्या पोराला माणूस असं सांगतो का हो? मला कसंतरीच झालं. मी पंख्याकडं बघत बसलो.

"बोला," पोरगं म्हणालं.

"एक नंबर आला असल तुझ्याकडं. लायसन काढायलोय मी. एजंटाचं."

पोरानं सरळ आकडेच सांगितले, "आठ, शून्य, तीन, दोन, दोन, सहा." आणि फोन बंद.

मी आकडे टाकले. पॅन कार्ड झालं. धोंडप्पा फोनच्या पडद्याकडं बघत होता. "अठरा सेकंद," म्हणाला. त्या दिवशी त्यानं मला दोन कप चहा पाजला आणि स्वतः तीन प्याला.

चार दिवसांनी दुसरा ओटीपी लागला, कागदपत्रं अपलोड करायला. या वेळी तो अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आला. मी म्हटलं, "फोनवर दिसत न्हाई रे सदरा." त्यानं फोन लावला. गुरूनं उचलला, आकडे सांगायला लागला, आणि तिसऱ्या आकड्याला मागं एक लेकरू रडलं. बारीक, वर्षा-सव्वा वर्षाचं असावं. कुणीतरी बाई त्याला उगी उगी म्हणाली. गुरूनं राहिलेले तीन आकडे भरभर सांगितले आणि फोन ठेवला.

धोंडप्पानं फोन मांडीवर ठेवला. मी कीबोर्डवर आकडे टाकले. दोघांनीही ऐकलं होतं. पोरानं लग्न केलं होतं, त्याला लेकरू झालं होतं, आणि चाकूरला कुणालाही खबर नव्हती. शेवटी धोंडप्पा एवढंच म्हणाला, "पोरगी असल. आवाज बारीक हाय." आणि टोपी घालून उन्हात निघून गेला.

मला राग आला. कुणाचा ते समजंना. पोराचा म्हणावं तर त्याचंही चुकलं न्हाई. बापाचा म्हणावं तर त्याच्याकडं बघवत नव्हतं. मग मी टँकरच्या रांगेत भांडणाऱ्या दोन बायांवर ओरडून घेतलं.

तिसऱ्या फोनला गुरू वैतागला. "अण्णा, अजून किती ओटीपी आहेत? मी मीटिंगमध्ये असतो. पोस्टात जाऊन तुमचा नंबर जोडून घ्या ना."

तेव्हा धोंडप्पा बोलला. माझ्यासमोर, माझ्या टपरीत. "गेलतो की. अंगठाच उमटंना. रेघा झिजल्यात म्हणतेत. म्हातारं झाल्यावर व्हतंय तसं."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. आदल्याच दिवशी रजिस्ट्रीत एका दस्ताला तो साक्षीदार म्हणून उभा राहिला होता. मशीनवर अंगठा ठेवला, पहिल्या झटक्यात टुक् वाजलं. तीस वर्षांत शाईवर काय, मशीनवर काय, या माणसाचा अंगठा उमटला न्हाई असं कधी झालं न्हाई. ऑफिसातले लोक चेष्टेनं म्हणायचे, साक्षीला धोंडप्पा घ्या, एका दमात काम होतं. आणि पोस्टाची तर पायरीसुद्धा तो चढला नव्हता!

पलीकडं पोरगं वैताग सोडून म्हणालं, "बरं. घ्या. नऊ, नऊ, एक..."

फोन ठेवल्यावर धोंडप्पानं माझ्याकडं बघितलं न्हाई. बोटं आत मुडपून, अंगठा लपवून बसला होता, शाळेत गुरुजींनी नखं बघायला मागितल्यावर बसायचा तसा. माझ्यासारखा फटकळ माणूस, पण कीबोर्डवर आकडे टाकत बसलो.

वीस तासांचं शिक्षण माझ्याच कॉम्प्युटरवर झालं. धोंडप्पा पडद्यावरच्या मास्तराशी भांडायचा. "ते तसं नसतंय ओ, आधी बांधावर चला!" मास्तर तिकडं मुंबईत, त्याला काय ऐकू येतंय? माउस धरायला शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ आले. हात एवढा जड की बाण पडद्याच्या बाहेर निघून जायचा आणि हा टेबलाखाली वाकून शोधायचा.

परीक्षेचं सेंटर नांदेडला होतं. मी सोबत गेलो. सकाळची एसटी, अहमदपूर, लोहा, बाहेर सगळी वावरं भाजलेली, कुठं हिरवं पान न्हाई. त्या सेंटरवर सगळी पंचविशी-तिशीतली पोरं, कानात मोबाइलचे बोळे घातलेली. वॉचमननं धोंडप्पाला विचारलं, "बाबा, पोराला सोडायला आलाव का?" तो म्हणाला, "न्हाई. मीच हाय." आत जाताना त्याची पाठ मला एकदम लहान दिसली.

तासाभरानं बाहेर आला तो वेगळाच चेहरा करून. मी विचारलं, अवघड होतं का? तर एसटीकडं चालायला लागला. एसटीत बसलो, लोहा मागं गेलं, तेव्हा बोलला.

"साहेबराव, एक प्रश्न होता. जागेवर कोर्टात दावा चालू असल तर एजंटानं काय करावं. चार उत्तरं दिलती. एक व्हतं, गिऱ्हाइकाला आधी सांगावं. म्हणजे सरकार पण तेच म्हणून राह्यलंय. ऐब सांगा."

"मग बरोबरच हाय की."

"मग गुरूच्या बैठकीत मी काय चुकलो?"

आता मात्र माझा तोल गेला. सगळी एसटी बघायला लागली. "अरे, पोरगं म्हणजे बैल हाय का रे? का गट नंबर हाय? जे सांगायचं ते त्यानं सांगायचं होतं, त्याच्या तोंडानं, तिला एकटीला. तू कोण दलाल मध्ये?"

तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "ते मला त्याच वर्षी कळलं. पार्वती रोज सांगायची. पण त्याला सांगू कसं? अठरा सेकंदांत आकडे सांगून व्हतेत. माझं बोलणं सुरू व्हायच्या आत तो फोन ठेवतो." डोळे पुसले आणि म्हणाला, "लई धूळ यायली."

खिडकी बंद होती.

धोंडप्पा पास झाला. शंभरात बासष्ट. शेवटच्या अर्जाला शेवटचा ओटीपी लागला, तोही गुरूनं सांगितला. "हा शेवटचा का?" त्यानं विचारलं. "हाव, शेवटचा," धोंडप्पा म्हणाला. पोरगं "बरं" म्हणालं. त्यात सुटका होती का आणखी काही, मला समजलं न्हाई. बावीस सेकंद.

महिन्याभरानं लायसन आलं. मी रंगीत प्रिंट काढून दिली. पहिल्याच रविवारी आप्पासाहेबाच्या प्लॉटिंगवर धोंडप्पा उभा राहिला, लायसन छातीशी धरून. "आता ऐब ऐका. एक, पाणी न्हाई. दोन, जिल्हा व्हईल का न्हाई देवाला ठाऊक. तीन, झाला तरी कलेक्टर उदगिरात बसल, हितं न्हाई." आप्पासाहेब तिथल्या तिथं खाली बसला. तरी दोन मास्तरांनी आणि एका नर्सबाईनं प्लॉट घेतले, कारण बाकी फलकवाल्यांनी त्यांना समुद्रच दाखवला होता.

म्हणजे लायसन चाललं. पण माणूस? तो रोज अकराला माझ्या टपरीत यायचा, टोपी मांडीवर ठेवायचा आणि विचारायचा, "काही भरायचं राह्यलं का? एखादा फॉर्म?"

"न्हाई रे."

"त्या लायसनला परत भरायचं कधी?"

"पाच वर्षांनी."

"पाच वर्षं," म्हणायचा आणि बोटांवर काहीतरी मोजायचा. आम्ही तेव्हा बासष्टचे. मग उठून घरी जायचा, टीव्ही लावायला. जाताना त्याची सावलीसुद्धा एकटी वाटायची, आणि मला दिवसभर कामात लक्ष लागायचं न्हाई.

जूनमध्ये एक दिवस तो असाच येऊन बसला. बाहेर आभाळ नुसतं भरून यायचं आणि वाऱ्यावर जायचं. फॉर्मचं विचारून झालं, माझं न्हाई म्हणून झालं. मी कॉम्प्युटरकडं वळलो. त्याच्या आधारचा नंबर माझ्या वहीत होता. मी आधारचं पान उघडलं, नंबर टाकला आणि 'ओटीपी पाठवा' दाबलं. दुसऱ्याच्या नावानं असं करणं गुन्हा असेल, असू दे. मी स्टॅम्पवाला माणूस, कायदा मला शिकवू नका.

मी त्याला काही सांगितलं न्हाई. चहा मागवला. चहा यायच्या आत धोंडप्पाचा फोन वाजला.

त्यानं पडद्याकडं बघितलं आणि फोन माझ्यापुढं धरला. नाव बघायला. त्याला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसंना. पाच वर्षांत त्या नंबरवरून पहिल्यांदा फोन आला होता. मी म्हटलं, "उचल की!"

"अण्णा," गुरूचा आवाज घाबरलेला. "आत्ता ओटीपी आला तुमच्या आधारचा. तुम्ही मागितला का? कुणाला काही नंबर सांगितला का? फार फसवतात आजकाल, लोकांची खाती साफ करतात. तुम्ही ठीक आहात ना?"

धोंडप्पानं माझ्याकडं बघितलं. मी स्टॅम्पच्या वहीत तोंड घातलं. त्याला समजलं असावं. "न्हाई," तो फोनमध्ये म्हणाला. "मी न्हाई मागितला."

"मग कुणी मागितला?"

धोंडप्पा उभा राहिला. मांडीवरची टोपी डोक्यावर घातली, नीट केली. हे उभं राहणं मी चाळीस वर्षं बघितलेलं.

"गुरू," तो म्हणाला, "आता माझा ऐब ऐक." फोन डाव्या हातात होता. उजव्या हाताचं एक बोट त्यानं दुमडलं. "एक. माझा अंगठा उमटतो. मी पोस्टात गेलोच न्हाई. खोटं बोललो." दुसरं बोट. "दोन. त्या बैठकीत तुझं बोलायचा मला हक नव्हता. ते तुझं होतं. मी बाजार मांडला." तिसरं बोट दुमडायला त्याला वेळ लागला. "तीन. घरात करमत न्हाई रे. तुझा आवाज ऐकायला आकडे मागत होतो. बस, एवढेच हायत."

रस्त्यावरून टँकर गेला. मला वाटलं फोन कटला. मी वाकून पडद्याकडं बघितलं, सेकंद पळत होते. एक मिनिट वीस, एक मिनिट एकवीस.

"अंगठ्याचं मला माहीत होतं अण्णा," गुरू म्हणाला. "तुमचा अंगठा कधी उमटला नाही असं झालंय का? लहानपणी तुमच्याबरोबर रजिस्ट्रीत येत होतो मी."

"माहीत होतं? मग आकडे कामून देत होतास?"

पोराचा श्वास ऐकू येत होता नुसता. आणि मग पलीकडं, अगदी फोनजवळ, ते लेकरू रडायला लागलं. गुरू त्याला गप्प करंना, फोनही ठेवंना. काय करावं ते त्याला सुचत नसावं.

धोंडप्पा बाकावर बसला. फोन दोन्ही हातांत धरला.

"आधी लेकरू उचल," तो म्हणाला. "मी हाय. मी थांबतो."